पिंगळा गावात, रानपिंगळा रानात

शेताच्या बांधावरील जुन्या झाडाच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा बहुतेकांच्या ओळखीचा असतो. त्याचाच जवळचा नातलग असलेला रानपिंगळा मात्र शंभरहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांनाही सापडला नव्हता. १८८४ नंतर त्याची एकच नोंद होती, १९१४ची, गुजरातमधील. पण ती खोटी निघाली. रिचर्ड माइनर्टझहागन यांनी संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. हे उघड झाल्यावर शोधाची दिशा बदलली आणि नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ, हा पक्षी पुन्हा दिसला.

दोघेही घुबडांच्या एकाच कुळातले. रानपिंगळ्याला पूर्वी ‘हेटेरोग्लॉक्स’ या स्वतंत्र प्रजातीत ठेवत. जनुकीय अभ्यासानंतर तो पिंगळ्याच्याच ‘अथेनी’ प्रजातीतला ठरला. तरीही फरक सहज कळतो. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात; रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. पिंगळा प्रामुख्याने संध्याकाळी आणि रात्री शिकार करतो, तर रानपिंगळा बराचसा दिवसाच.

खरा फरक आहे तो घराचा. पिंगळ्याला गाव, शेत, पडकी भिंत, काहीही चालते. रानपिंगळ्याला लागते सागाचे पानझडी जंगल आणि त्यात ढोली असलेली जुनी झाडे. मेळघाट, तोरणमाळ, यावल, तानसा येथे त्याच्या नोंदी आहेत. वृक्षतोड, अतिक्रमण आणि वणवे यांनी नेमके हेच जंगल विरळ होत आहे.

जागतिक लाल यादीत पिंगळा ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे. रानपिंगळा २०१८मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आला. ही बातमी चांगली वाटते, पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. पक्षी वाढले म्हणून गट बदलला नाही. शोध वाढला, नवी ठिकाणे कळली, म्हणून बदलला. त्या वेळच्या अंदाजानुसार प्रौढ पक्षी हजाराच्या आतच होते.

म्हणून यादीतील बदलाकडे पाहून संरक्षण सैल करणे परवडणारे नाही. अंगणातला पिंगळा दिसतो म्हणून रानातलाही सुरक्षित आहे, असे समजू नये. सागाचे जुने झाड तोडले तर नवे लावता येते. पण त्यात ढोली तयार व्हायला कित्येक दशके लागतात. तोवर रानपिंगळ्याने राहायचे कुठे?