जखमेवर कार्बनचा उतारा; पण पुराव्याचे काय?

आंबिवली, प्रतिनिधी - मोहने-आंबिवलीतील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. कामगारांच्या थकीत देण्यांमुळे त्याचे नाव वरचेवर चर्चेत येत राहिले. मात्र रेयॉनच्या धाग्याचे वैद्यकशास्त्राशी असलेले नाते फारसे कोणाच्या ध्यानी नाही.

१९७० च्या दशकात इंग्लंडमधील पोर्टन डाऊन येथील संरक्षण प्रयोगशाळेने व्हिस्कोस रेयॉनचे कापड प्रखर उष्णतेत भाजून सक्रिय कोळशाचे कापड तयार केले. हेतू विषारी वायूंपासून बचावाचा होता. पुढे तेच कापड चिघळलेल्या जखमांच्या पट्ट्यांत आले. त्याची सूक्ष्म छिद्रे दुर्गंधी व जिवाणू धरून ठेवतात.

आता संशोधकांची भिस्त कार्बनच्या नॅनोरूपांवर आहे. ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे जिवाणूंच्या आवरणाला इजा करतात, तर काही कार्बन डॉट्स प्रकाश पडताच जिवाणूनाशक बनतात. या क्षेत्रात महाराष्ट्रही मागे नाही. आयआयटी मुंबईत डॉ. महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून कार्बन नॅनोट्यूब बनविल्या. (आरतीच्या तबकावर धरते ती काजळीही कार्बनच; नॅनोट्यूबला मात्र भट्टी आणि धातूचा उत्प्रेरक लागतो.)

तथापि, जखम भरण्याबाबतचे बहुतांश निष्कर्ष उंदरांवरील प्रयोगांचे आहेत. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने उघडी राहते. तिच्यातून शरीरात गेलेले कण कोठे साठतात, हा कळीचा मुद्दा आहे. लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात सोडल्यास अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह होतो, असे २००८ मध्ये दिसून आले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट नॅनोट्यूबला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. जखमेवरील मलमाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण दुर्लक्षही करता येत नाही.

केंद्राने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे ‘नॅनो’ शब्द मिरविणाऱ्या मलमाबाबत एकच विचारावे : माणसांवर चाचणी कोठे झाली? तोवर मधुमेही पायासाठी साखरेवर नियंत्रण, मृत पेशी काढणे, पायावरील भार कमी करणे आणि रक्तपुरवठ्याची तपासणी हेच उपचार खरे. कोळशाची पट्टी वास घालविते. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडीत नाही.