दोष गिझरच्या वयाचा नाही

थंडी पडली की पुणतांब्यात एक सल्ला ऐकू येतोच. देणारे गृहस्थ शिकलेले आहेत आणि बोलण्यात ठाम आहेत. म्हणणं असं, की गॅस गिझर जुना होऊन कुरकुरायला लागला की दुरुस्त करत बसू नये, काढून टाकून नवा बसवावा. दुरुस्ती म्हणजे चिक्कूपणा, आणि त्या चिक्कूपणापायी माणसं बाथरूममध्ये मरतात. मरणाचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो. मी गप्प बसणार नाही, कारण या सल्ल्याने माणसं वाचत नाहीत.

आधी कुरकुर कसली ते पाहा. नळ सोडला आणि टकटक ऐकूच आली नाही, तर सेल उतरलेले असतात किंवा पाण्याला जोर नसतो. आतला रबरी डायफ्रॅम पाण्याच्या दाबानेच सरकतो आणि मग गॅसची वाट उघडते. टाकी छपरावर जेमतेम हातभर उंच असेल तर दाब येणार कुठून? पाणी जिथून आत शिरतं तिथला नट खोला. मागे बोटाच्या पेराएवढी जाळी असते. उजेडात धरली की दिसतं: बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, गंजाचे कण, बारीक रेती. ब्रशने घासा, गिझर पेटतो. नवा आणलात तरी टाकी तीच, बोअर तेच. वर्षभरात त्याचीही जाळी अशीच भरणार.

पैशाचं एका ओळीत सांगतो: १ जून २०१७ला ज्या पुणतांब्यातून शेतकरी संपाची ठिणगी पडली, तिथे घरात येणाऱ्या रुपयाची किंमत कुणी शिकवू नये.

आता मरणाचं बोलू. एलपीजी जळायला प्राणवायू लागतो. बंद बाथरूममध्ये गिझर खोलीतला प्राणवायू खातो. तो कमी पडला की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरून ठेवतं. डोकं जड होतं, गरगरतं, पायातली शक्ती जाते आणि कडीपर्यंत हात पोहोचत नाही. 'वास आला की कळेल' हे साफ खोटं आहे. सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. यात गिझरच्या वयाचा प्रश्न येतोच कुठे? कालच खोक्यातून काढलेला गिझर झरोका नसलेल्या बाथरूममध्ये लावा, तोही मारतो.

हा वाद नवा नाही. तांब्याचा बंब मोडीत गेला तेव्हाही हीच भाषा होती: जुनं ते घातक, नवं ते सुरक्षित. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून तो अंगणात, फार तर पडवीत असायचा. गॅसचा धूर दिसेना, म्हणून आपण जाळ थेट चार भिंतींच्या आत नेला. चूक तिथे झाली, आणि नवा गिझर विकत घेऊन ती सुधारत नाही.

नव्या गिझरमध्ये सुरक्षेची साधनं जास्त असतात, हे मान्य. पण त्या भरवशावर खिडकी बुजवता येत नाही.

मग करायचं काय? गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. दिवाळीपूर्वी जाणत्या मेकॅनिककडून बर्नर आणि कॉइलवरची काजळी साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर त्याच क्षणी बंद करा. नळीचे जोड साबणाच्या फेसाने तपासा. कॉइलला भोक पडलं असेल किंवा ज्योत विझल्यावरही गॅस सुटत राहत असेल, तर मात्र तो गिझर ठेवू नका. तिथे मीच सांगेन, नवा आणा.

आणि गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ला फोन करा.