नवरा नाही म्हणून तपासणी नको?



विधवा, टाकलेल्या किंवा लग्नच न केलेल्या बायकांविषयी आमच्या श्रीपूर भागात दोन समज ऐकू येतात. पुरुषाचा सहवास नसला की बाईच्या अंगात उष्णता साठते, पाळी बिघडते, डोकं फिरतं, हा पहिला. आणि सहवासच नाही तर गर्भपिशवीची तपासणी कशाला, हा दुसरा. पहिला खुळा आहे, दुसरा जीवघेणा.

शरीरसंबंध नाही म्हणून पाळी बिघडत नाही की डोकं फिरत नाही. चाळिशीनंतर पाळी पुढेमागे होते ती अंडाशयाचं काम मंदावल्याने, थायरॉइडने किंवा गाठींमुळे, आणि हे भरल्या संसारातल्या बाईलाही चुकत नाही. एकटेपणा खुपतो तो खराच. पण लग्न करायचं तर माणूस आवडला म्हणून करावं, पाळी सुधारायला नव्हे!

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे, आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो, काहींच्या शरीरात गुपचूप टिकतो. तिथून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं लागू शकतात. म्हणजे नवरा जाऊन बारा वर्षं झालेली बाई आज नेमकी धोक्याच्या वयात असते, आणि आपण तिलाच घरी बसवतो. कधीच संबंध न आलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका फार कमी. मात्र मूल न झालेल्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त, तेव्हा ती तपासणी तिनेही टाळू नये.

पिशवीच्या तोंडाच्या तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: ज्या गटाला एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

सरकारी तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांसाठी आहे, तिला नवऱ्याची अट नाही. पण गावपातळीवर बाईच्या आरोग्याची विचारपूस अजून पाळणा आणि कुटुंबनियोजन यांभोवतीच फिरते. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे तपासणी दुखते, त्यावर उपाय आहे, हेही कोणी सांगत नाही.

नवरा गेल्यावर कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची विधवा प्रथा बंद करण्याच्या मोहिमेला आपल्याच करमाळ्यातून जोर मिळाला. मे २०२२ मध्ये हेरवाड गावाने तसा ठराव केला, मागोमाग इतर गावांनीही. कुंकू-बांगड्यांचे ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतींनी उपकेंद्रात एकल बायकांच्या तपासणीचा दिवसही ठरवावा, बाई डॉक्टर बोलवावी. आणि पतीच्या नावाचा रकाना कोरा राहिला तर प्रश्न विचारू नयेत, हे नोंदणी करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं.

— एक वाचक, श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर)