लस येते थाटात, रक्त जाते पिशवीत

गेल्या पावसाळ्यात माझी आजी कागदावर जवळजवळ गेलीच होती. कागदावरच म्हणायचे, कारण प्रत्यक्षात ती त्या वेळी खाटेवर बसून पेज पीत होती आणि यंदा लावणी कोणी किती वाकडी केली यावर आईशी वाद घालत होती.

झाले असे. आमचे घर कोलाड नाक्यापासून थोडे आत. लावणीचे दिवस होते. कितीही सांगा, आजी चिखलात उतरल्याशिवाय राहत नाही. चार दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या. रायगडात पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या हे दोन शब्द एकत्र ऐकले की डॉक्टरांच्या मनात लेप्टो येतोच. उंदरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात आणि तिथून पायावरच्या जखमांतून अंगात, असा त्याचा प्रवास. हा आजार किडनीवर जाऊ शकतो म्हणून डॉक्टरांनी लेप्टोबरोबर किडनीच्या आणि क्षारांच्या तपासण्याही लिहून दिल्या. कलेक्शन सेंटरवर रक्त घेतले आणि ते मुंबईकडच्या लॅबला रवाना झाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. पोटॅशियम 7.2! नॉर्मल असते साधारण साडेतीन ते पाच. सातच्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडून ते बंदसुद्धा पडू शकते. डॉक्टरांनी घाबरून चिठ्ठी दिली. रात्री दहा वाजता, धो धो पावसात, बाबा, मी आणि आजी अॅम्ब्युलन्समध्ये. आपला मुंबई-गोवा हायवे कसा आहे ते मी सांगायला नको. पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले तेव्हा मी बालवाडीतही नव्हतो. प्रत्येक खड्ड्याला आजी देवाचे नाव घेत होती आणि बाबा तिचा हात धरून बसले होते. बाबांना मी त्या रात्री पहिल्यांदा रडताना पाहिले.

मोठ्या हॉस्पिटलात ईसीजी काढला तो नॉर्मल. रक्त पुन्हा तपासले. पोटॅशियम 4.3. तिथले डॉक्टर जांभई देत म्हणाले, "सँपल खराब झालं असेल." एवढेच! आमच्या अख्ख्या रात्रीचा, खर्चाचा आणि बाबांच्या रडण्याचा हिशेब चार शब्दांत मिटला.

पण माझा मिटेना. सँपल खराब होते म्हणजे नक्की काय होते? भाजी खराब होते तसे? मेकॅनिकलचा विद्यार्थी असल्यामुळे मला मशीन बिघडल्यावर 'बिघडले असेल' म्हणून सोडून द्यायची सवय नाही (व्हायव्हामध्ये तसे म्हणून पाहिले आहे, चालत नाही). म्हणून मी चौकशी केली. सेंटरवरून रक्त न्यायला एक मुलगा येतो. त्या दिवशी त्याची पुढची गाडी चुकली. मग त्याने काळजी म्हणून, हो, काळजी म्हणूनच, सगळ्या ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सकाळी बर्फाच्या पिशवीत घालून नेल्या. तुम्ही-आम्ही असतो तरी हेच केले असते. थंडीत वस्तू टिकते, हे आपण दुधापासून शिकलेलो आहोत.

इथेच सगळी गंमत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पटींनी जास्त असते. ते आत राहते कारण पेशीच्या भिंतीत एक पंप सतत चालू असतो: सोडियम बाहेर, पोटॅशियम आत. हा पंप ऊर्जेवर चालतो आणि थंडीत मंदावतो. पंप थांबला की टाकी गळणारच! पेशी फुटलेल्या दिसत नाहीत, ट्यूब वरून अगदी छान दिसते, पण आतले पोटॅशियम हळूहळू बाहेर येत राहते. म्हणजे आजीच्या अंगातले पोटॅशियम व्यवस्थित होते, वाढले ते ट्यूबमधले. मशीनने जे मोजले ते बरोबरच मोजले. फक्त ते आजीचे उरले नव्हते.

यावर उपाय साधा आहे. रक्त गोठले की तासा-दोन तासांत ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी आणि सीरम वेगळे करायचे. जेल असलेली ट्यूब मिळते. तिच्यात फिरवल्यावर जेल मध्ये येऊन बसते आणि पेशी खाली कोंडल्या जातात. मग खुशाल थंड करून मुंबईला पाठवा. साखरेचे उलटे आहे. तिथे पेशी ट्यूबमध्ये बसून साखर खात राहतात, दर तासाला पाच ते सात टक्के, म्हणून तिला फ्लोराइडची वेगळी ट्यूब. प्रत्येक तपासणीची तऱ्हा वेगळी आणि आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच सूचना: 'सांभाळून ने.'

आता दुसरी बाजू बघा. आमच्या गावात लसीकरणाचा दिवस असतो. नर्सबाई निळ्या डब्यातून लस आणतात. त्या डब्यात चार आइस-पॅक. ते फ्रीझरमधून काढून तसेच घालत नाहीत. बाहेर ठेवून, कानाशी हलवून, आत पाण्याचा डुबुक आवाज आला की मगच डब्यात, नाहीतर लस गोठून वाया जाईल. आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचे तापमान 2 ते 8 अंशांत आहे ना, हे दिवसातून दोनदा लिहून ठेवतात. लसीच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो काळवंडत जातो आणि भोवतालच्या गोलाइतका काळा झाला की कुपी फेकायची. पोलिओच्या लसीवर हे लेबल 1996 मध्ये आले. म्हणजे तीस वर्षांपासून एवढीशी कुपी स्वतः सांगू शकते की मला वाटेत ऊन लागले, मला वापरू नका.

आणि त्याच रस्त्यावरून उलट्या दिशेने जाणारे आजीचे रक्त? मिठाईच्या दुकानातल्यासारखी कॅरीबॅग, रबरबँड, आणि ट्यूबलाच गुंडाळलेला फॉर्म. ट्यूब गळली तर पहिल्यांदा पेशंटचे नावच धुऊन जाणार! गावात येणाऱ्या लसीला एवढा मान आणि गावातून जाणाऱ्या नमुन्याला काहीच का नाही? मला वाटते याचे कारण असे की लस हा 'माल' आहे, तिची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. रक्त फुकट मिळते. हातातून काढले की परत काढता येते. पण आजीच्या हाताची शीर सापडायला तीन टोचण्या लागल्या होत्या, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

नियम नाहीत असे समजू नका. आमच्या कोलाड नाक्यावर उभे राहिलात तर धाटाव एमआयडीसीकडे जाणारे-येणारे टँकर दिसतील. त्यांच्यावर नारिंगी पाटी आणि चार आकडी नंबर असतो. तो युएन नंबर. पेट्रोलचा 1203. मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा गाडीच्या ड्रायव्हरला वेगळे ट्रेनिंग घ्यावे लागते. त्याच यादीत आजीच्या रक्तासारख्या तपासणीच्या नमुन्यांनाही नंबर आहे, 3373. पाटी टँकरवर आहे, कॅरीबॅगवर नाही, एवढाच फरक.

या 3373 चे पॅकिंग म्हणजे शुद्ध इंजिनिअरिंग आहे. एकात एक असे तीन थर. आत न गळणारी ट्यूब. तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस किंवा कागद, तोही इतका की ट्यूब फुटली तर सगळे रक्त त्यातच जिरले पाहिजे. मग दुसरे न गळणारे भांडे, त्याच्या बाहेर फॉर्म, आणि सगळ्यात वर कडक खोके. खोके 1.2 मीटरवरून पडले तरी आतून काही बाहेर येता कामा नये, म्हणजे साधारण मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून सटकले तरी. आतल्या दोनपैकी एका भांड्याने 95 किलोपास्कल दाबाचा फरक सोसला पाहिजे. हा आकडा विमानासाठी आहे. कोलाडहून ताम्हिणीमार्गे पुण्याला गेलात तर हवेचा दाब फार तर 7 किलोपास्कलने उतरतो, तेव्हा आपल्याला त्याची चिंता नाही. आपली चिंता खड्ड्यांची. रक्त घुसळले गेले की पेशी फुटतात आणि पोटॅशियम पुन्हा वाढते. ट्यूब आडवी, अर्धी रिकामी, पिशवीत लोळत असेल तर आणखीच. ती उभी आणि घट्ट बसलेली हवी. फोमच्या तुकड्याला भोके पाडायला कितीसा खर्च येतो हो?

खर्च वाढेल, असे लगेच कोणीतरी म्हणेल. सेंटरवाल्याने मलाही हेच ऐकवले. त्याचे खोटे नाही. पण खर्च आत्ताही होतोच आहे, फक्त तो सेंटरच्या वहीत लिहिला जात नाही. तो बाबांच्या वहीत लिहिला जातो, अॅम्ब्युलन्सचे भाडे म्हणून.

आणि हे जमणारच नाही असेही नाही. टीबीच्या थुंकीचे नमुने पोस्टाने पाठवण्याचा प्रयोग 2018 मध्ये दिल्लीत सुरू झाला. तीन थरांचे पॅकिंग करून ते पोस्टमनकडे द्यायचे. कोविडच्या सुरुवातीला तर केरळातल्या पेशंटचा नमुना पुण्याच्या एनआयव्हीत तपासून 30 जानेवारी 2020 ला देशातली पहिली केस जाहीर झाली. त्यानंतर स्वॅबचे डबे गावोगावहून कसे नियमात बसून लॅबला जात होते ते आपण पाहिले. म्हणजे भीती वाटली की आपण नीट पॅक करतो. भीती आपल्याला लागण होण्याची असते. नमुन्याचे काही बिघडेल याची भीती कोणाला वाटत नाही.

आमच्या कोलाडला तर हे न शोभणारे आहे. 1999 पासून कोकण रेल्वे इथे भरलेले ट्रक गाडीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवते. 2025 च्या गणपतीत चाकरमान्यांच्या मोटारीही चढवून पाहिल्या. दहा चाकांचा ट्रक, ड्रायव्हरसकट, न हलता जातो. पाच मिलिलिटर रक्त जात नाही!

मित्रहो, आता आपल्या प्रोजेक्टविषयी. रागावू नका, पण आपल्या लायब्ररीत जुने रिपोर्ट चाळून पाहा. लाइन फॉलोअर रोबो, मोबाइलवरून दिवा लावणे, पुन्हा लाइन फॉलोअर. माझ्या ग्रुपने यंदा सँपल बॉक्स घ्यायचे ठरवले आहे. फोमचा स्टँड, आत तापमान नोंदणारी चिप, धक्के मोजायला अॅक्सेलेरोमीटर. गाइड सर म्हणाले, "यात नॉव्हेल्टी काय?" सरांचा प्रश्न बरोबर आहे, नॉव्हेल्टी काहीच नाही. बॉक्सचे नियम तयार आहेत, चौकोनाच्या लेबलची कल्पना तीस वर्षांची आहे. फक्त ती नाक्यावरच्या सेंटरमध्ये नाही. सरांनी अजून होकार दिलेला नाही.

महिन्याने आजीची तपासणी पुन्हा करायची होती. मी मुद्दाम त्या मुलाच्या यायच्या वेळेला सेंटरवर गेलो. भांडायचे मनात होते. तो आला तो रेनकोटातून पाणी निथळत. वय माझ्याएवढेच. बारावीनंतर शिक्षण सोडलेले, फेरीमागे पैसे मिळतात, पेट्रोल त्याचे. मी त्याला पंपाची, पेशींची, थंडीची सगळी गोष्ट सांगितली. तो ट्यूब हातात धरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"मी तर फ्रिजमध्ये जागा करायला घरचं दूध बाहेर काढलं होतं त्या रात्री," तो म्हणाला. "मला कोणी सांगितलंच नाही रे."

मग त्याने सेंटरवाल्याला विचारले, ते फिरवायचे मशीन कितीला मिळते.