सहविचार सभेत आमचे विषय कुठे गेले?

तालुका शाखेचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि सर्व पदाधिकारी,


परवाच्या सहविचार सभेचा वृत्तांत तुम्ही ग्रुपवर टाकलात. वेतन वेळेवर व्हावं, चट्टोपाध्याय वेतनश्रेणीचे प्रस्ताव मार्गी लागावेत, वैद्यकीय बिलं निघावीत, हे सगळं त्यात आहे आणि ते योग्यच आहे. पण आम्ही शिक्षिकांनी सह्या करून दिलेलं निवेदन त्यात नाही. शाळेच्या वेळात येणारे तातडीचे आदेश, कामगिरीवर काढून नेलेले शिक्षक आणि नाकारल्या जाणाऱ्या रजा, एवढेच तीन विषय होते. वेळ पुरला नाही का? की तो कागद तुम्ही गटशिक्षणाधिकारी साहेबांपुढे ठेवलाच नाही?

मार्च २०२३ आठवा. जुन्या पेन्शनसाठी १४ तारखेला संप सुरू झाला. ज्या नोव्हेंबर २००५ च्या आधी लागल्या होत्या, ज्यांच्या पेन्शनला काहीच धोका नव्हता, त्याही शाळा सोडून मांडवात येऊन बसल्या. कारवाईची भीती होती, घरच्यांचा विरोध होता, तरी आल्या. कारण तुम्ही हाक दिली होती. त्याच मांडवात तुम्ही माइकवरून म्हणाला होतात, "भगिनींनो, एवढा लढा होऊ द्या, मग तुमच्या शाळेतल्या रोजच्या प्रश्नांना आम्ही स्वतः हात घालतो." २० तारखेला संप मिटला. त्या शब्दाचं पुढे काय झालं?

आमचा रोजचा दिवस तुम्हाला नव्यानं सांगायला नको, तुम्हीही शिक्षक आहात. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. त्यातला एक पंचायत समितीत कामगिरीवर. उरलेली एकटी बाई चार वर्ग घेते, पोषण आहाराचं धान्य मोजून देते, आणि वजाबाकी फळ्यावर अर्धी असतानाच मोबाइल वाजतो. दुपारी दोनपर्यंत लिंक भरा. निरंक असली तरी माहिती कळवा. कालच दिलेली माहिती आज नव्या नमुन्यात द्या. पोरं फळ्याकडे बघत बसलेली असतात.

पण खरं लागलं ते वेगळंच. हे आदेश आता केंद्रप्रमुखांच्याही आधी तुमच्याकडून येतात. संघटनेच्या ग्रुपवर, तुमच्या नावानं, खाली "सर्वांनी सहकार्य करावे" असं लिहून. साहेबांचा निरोप आमच्यापर्यंत इतक्या तत्परतेनं पोचतो, मग आमचं म्हणणं साहेबांपर्यंत का पोचत नाही? कार्यालयाला निरोप धाडायला माणसं आहेत. आम्हाला आमच्या बाजूनं बोलणारं माणूस हवं होतं, म्हणून तर तुम्हाला निवडून दिलं.

कायदा आपल्या बाजूनं नाही, असं तरी म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ तुम्हीच आम्हाला शिक्षण परिषदेत वाचून दाखवलं होतं: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. निवडणुकीचं काम आम्ही नाकारलेलं नाही, नाकारणारही नाही. पण मतदार यादीचं काम शिक्षकांना साधारणपणे सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात म्हटलं आहे. मतदार यादीच्या कामासाठी बीएलओ नेमलेल्या आपल्या भगिनींना भर वर्गातून बैठकीला बोलावलं, तेव्हा हा निकाल घेऊन तुमच्यापैकी कोण तहसील कार्यालयाची पायरी चढलं?

एप्रिल २०२५ मध्येही तेच. परीक्षा २५ तारखेपर्यंत लांबल्या. १ मेच्या निकालाआधी पेपर तपासायचे, गुण भरायचे, प्रगतिपुस्तकं लिहायची. उन्हामुळे शाळा सकाळी सातची झाली, ते मुलांसाठी बरंच झालं; पण दुपारनंतर कार्यालयात बसून माहिती भरण्यातून कुणाला सुटका मिळाली? आम्ही ग्रुपवर विचारलं. उत्तरादाखल तुमच्याकडून एका वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या.

आणि रजा. बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा २०१८ पासून आहे. आमच्यातल्या एकीच्या मुलाची बारावी होती, तिनं महिनाभराची मागितली. शाळा द्विशिक्षकी, पर्यायी व्यवस्था नाही, असा शेरा मारून अर्ज परत आला. तिच्या शाळेतला दुसरा शिक्षक कार्यालयानंच कामगिरीवर नेला होता! म्हणजे अडचण कार्यालयानं निर्माण करायची आणि किंमत तिनं मोजायची. ती तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, "मॅडम, साहेबांशी संबंध चांगले आहेत, उगाच ताणायला नको." ते संबंध तुम्ही कुणासाठी राखून ठेवले आहेत? तिच्यासाठी नसतील तर कुणासाठी?

तिनं त्या दिवशी तुमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. नंतर मात्र संघटनेचं नाव घेणंच तिनं सोडलं. तुमच्यावर चिडून भांडणाऱ्या बाया मला चालल्या असत्या. या गप्प झालेल्यांची मला काळजी वाटते. उद्या पुन्हा मांडव घालाल, तेव्हा त्या येतील का?

मी संघटना सोडणार नाही. दुसऱ्या संघटनेची माणसं घरी येऊन गेली, त्यांना चहा देऊन परत पाठवलं. म्हणूनच हे तुम्हाला सगळ्यांसमोर विचारते आहे.

पुढच्या सहविचार सभेची विषयपत्रिका आठवडाभर आधी आम्हाला दाखवा. आमचे तीनही विषय त्यात लेखी हवेत. आमच्यातली एक जण सभेत बसेल. कोण ते आम्ही ठरवू. कामगिरीवर गेलेला प्रत्येक शिक्षक कोणत्या तारखेला शाळेत परत येणार, हे इतिवृत्तात गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीनिशी यायला हवं. यंदाची वर्गणी आम्ही ते इतिवृत्त हातात पडल्यावर देऊ.

आपली,
एक सभासद शिक्षिका