तेरची वीट आणि किल्लारीचा दगड

अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत असताना, 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात धरणी हादरली आणि अल्पावधीत सात हजारांहून अधिक माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. त्या दिवसाचे स्मरण आज गावोगावी होईल आणि मृतांना श्रद्धांजली वाहिली जाईल. ते उचितच आहे. परंतु त्या आपत्तीने शिकविलेला धडा आपण नीट वाचला काय, हा प्रश्न आजच्या दिवशी विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्या रात्री काय घडले? दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड गवंड्यांनी बहुधा वापरलेलेच नव्हते. वर माळवद, आणि त्यावर गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे चढविलेली माती. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच ओझे हादऱ्यासरशी खाली आले. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांवर पेललेले माळवद जागेवर राहिले आणि भिंती मात्र ढासळल्या. दोष सामग्रीचा किती आणि बांधणीचा किती, हे त्या उभ्या खांबांनीच सांगून टाकले होते. त्यातच, तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत दाखविलेला होता. 2002 च्या सुधारित संहितेत तो वरच्या श्रेणीत गेला खरा, पण तो पश्चातबुद्धीने.

परंतु लोकमानसाने सोपा निष्कर्ष काढला : दगड-माती गुन्हेगार, सिमेंट तारणहार. बावन्न गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने वसविण्यात आली. रुंद रस्ते, सरळ रेषांतील भूखंड, एका साच्याची घरे. भिंती सुरक्षित झाल्या, हे उपकार कोणी विसरू नये. पण ओसरी, चौक, गुरांचा गोठा आणि भावकीची आळी यांना त्या आराखड्यांत स्थान अपुरेच मिळाले. शहरी नगररचनेचा नकाशा शेतकऱ्याच्या अंगावर चढविला, तो अनेकांना सैल तरी झाला किंवा आखूड तरी. याच पुनर्वसनकार्याचा दुसरा भाग मात्र फारसा चर्चिला गेला नाही. दोन लाखांच्या आसपास जुनी घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्यात आली. माळवदावरची माती कमी करणे, भिंतींतून आरपार बंधाचे दगड घालणे, घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरविणे, असे ते साधे उपाय. मराठवाड्याचे जुने घर सुधारता येते, ते पाडलेच पाहिजे असे नाही, हे त्या कामाने सिद्ध केले.

या संदर्भात धाराशिव जिल्ह्यातील तेरकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाने पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर ज्याचा उल्लेख केला, ते हे व्यापारी नगर. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याचा मागचा भाग गोलाकार आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे विद्वानांचे मत आहे. तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या, अशी त्यांची ख्याती. मातीत भुसा मिसळला की तो भट्टीत जळून जातो आणि वीट सच्छिद्र होते. तेरचे कारागीर भूकंपाचा विचार करीत होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि हादऱ्याचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, हे विज्ञानाचे वचन आहे. हाताशी असलेल्या मातीतून हलकी वीट काढणारी बुद्धी ज्या प्रदेशात नांदली, त्याच प्रदेशात पुढे घरांच्या माथ्यावर मातीचे डोंगर चढले. मधल्या काळात कोठेतरी कौशल्याची परंपरा तुटली. आज आपण सिमेंट आणले, पण तुटलेला धागा जोडला काय?

शहरवासीयांनी हा प्रश्न खेड्यांपुरता समजू नये. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचे वजन आणि खाली नुसते खांब. आपल्या लातूर-सोलापुरात किंवा पुण्यात फेरफटका मारला तर असे मोकळे तळमजले गल्लोगल्ली दिसतील. खांबातील सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ असाव्यात, त्यांची टोके 135 अंशांत वळवून आत रोवावीत, असे मानक 1993 मध्येच निघाले. प्रत्यक्ष कामावर त्या रिंगा कोण मोजतो? ग्राहक फरशीचा रंग पाहतो आणि नगरपालिका नकाशावरचा शिक्का पाहते. काँक्रीट ओतल्यावर पोलाद कोणालाच दिसत नाही.

म्हणूनच आमची मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक बांधकामात काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्यांची तपासणी स्वतंत्र अभियंत्याने करावी. गवंडी व लोहारकाम करणाऱ्या कामगारांना शासनाने रीतसर शिक्षण द्यावे, कारण इमारत अखेर त्यांच्याच हातांनी उभी राहते. आणि आमच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयांनी माळवद, वाडा आणि तेरची वीट यांना इतिहासाच्या तासापुरते न ठेवता संकल्पचित्राच्या फळ्यावर आणावे. वाढत्या उन्हाळ्यात सिमेंटच्या पेटीत भाजून निघणाऱ्या शहरांना त्याचीही गरज आहे.

तेर हे संत गोरोबांचे गाव. थापटण्याने ठोकून मडके कच्चे की पक्के हे ओळखणाऱ्या या कुंभाराने संतांच्या मेळाव्यातही तीच परीक्षा घेतली आणि प्रत्यक्ष नामदेवांस कच्चे ठरविले, अशी कथा महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. नामदेवांनी तो निकाल मानला आणि गुरू शोधला, म्हणून ते पक्के झाले. आपल्या इमारतींवर निसर्गाचे थापटणे कधी पडेल, हे कोणी सांगू शकत नाही. त्याआधी ते आपणच आपल्या हाती घ्यावे, यातच शहाणपण आहे.