पुरवणी घ्यावी की न घ्यावी?

परवा आमचा पुतण्या एक जाडजूड पुस्तक काखेत मारून आला. "काका, मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीनं आणलंय. चाळून सांगा, विकत घेण्याजोगं आहे का?" मला वाटले, परीक्षेचे काही असेल. निघाले खेळाचे!

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेका पात्राच्या तोंडून बोलतात आणि बेत साधला की फसला ते फासा ठरवतो. पुढच्याच वर्षी त्याला 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी निघाली, आणि पुरवण्यांचा तो ओघ अजून थांबलेला नाही. दिवाळी अंकांनीही हेवा करावा!

हे पुस्तक २०१७ चे, 'झॅनाथर्स गाईड टू एव्हरीथिंग'. पाने १९२, निघाले तेव्हा छापील किंमत ४९.९५ डॉलर. झॅनाथर हा अकरा डोळ्यांचा एक गुंड. त्याचा सारा जीव एका पाळलेल्या सोनेरी माशात. जागोजागी त्याचे शेरे छापले आहेत. हसू येते, पण शेऱ्यांसाठी कोणी एवढे पैसे मोजीत नाही.

मी हिशेब मांडला. पहिला मोठा भाग पात्रांच्या नव्या प्रकारांचा. त्यातले 'ग्लूम स्टॉकर', 'झीलट' असे काही प्रकार २०२४ च्या नव्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये आले आहेत, आणि ते पुस्तक पुतण्याच्या कपाटात आहे. म्हणजे ताटात वाढलेली भाजी पुन्हा विकत घ्यायची! शेवटी तर पानेच्या पाने नुसती नावे. फासे टाकून पात्राचे नाव काढायचे. भारतीय नावांचीही यादी आहे. आपल्याकडे हे काम आत्या फुकटात करते.

"नको घेऊस," मी म्हणालो.

तो उठेना. मग हळूच म्हणाला, "काका, आम्ही पाच जण दर रविवारी खेळायचो. एकाची नागपूरला बदली झाली, एकीला इस्पितळात रात्रपाळी लागली. आता तिघंच उरलोय. नवं पुस्तक आलं म्हटलं की येतील, असं वाटलं."

नव्या पुस्तकाने माणसे परत येत नाहीत. आमच्या वाचनालयाच्या समितीवर राहून मी एवढे शिकलो आहे. पण पोराचा चेहरा पाहून पुस्तक पुन्हा उघडले आणि या खेपेस मधला, सूत्रधारासाठी असलेला भाग नीट वाचला. चिलखत घालून झोपल्यास काय होते, दोरीची गाठ किती पक्की बसते, असले बारकावे तिथे आहेत. मौजेचे, पण त्यांच्यावाचून अडत नाही. त्यांच्यापुढे मात्र दहाबारा पाने निघाली ती दोन मोहिमांमधल्या रिकाम्या दिवसांची. पात्राने पाच दिवस मजुरी करावी, ग्रंथ धुंडाळावेत, चोरी करावी, नाहीतर जुगार खेळावा. प्रत्येकाला फासे ठरलेले, आणि मागे लागणाऱ्या भानगडींचे वेगळे तक्ते. यासाठी टेबलाशी बसावे लागत नाही. फोनवर सांगितले तरी भागते.

"अरे, नागपूरवाल्याचं पात्र कोण?"

"चोर."

"मग तो चोर पाच दिवस काय करतोय, विचार त्याला. आणि तिलाही विचार, पाळी संपल्यावर."

पुतण्याने तिथल्या तिथे निरोप धाडला. मी चहा ठेवायला आत गेलो. परत येतो तो उत्तर हजर: चोर जुगाराच्या अड्ड्यावर, डाव शंभर सुवर्णमुद्रांचा. पुतण्याने खिशातून फासे काढून तीनदा टाकले. चोर तिन्ही वेळा हरला. लगेच फोन वाजला, आणि दोघे अर्धा तास भांडत होते.

पुस्तक त्याने घेतले. पैशांतला निम्मा वाटा नागपूरहून आला.